पोलवाल्यावर लावायचं, बस्स? जरा शीट उघडून बघू

पत्र असं आलंय:

"दादा, मी नाशिकचा, सध्या इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नोकरीला आहे. इथे एफवनवर, म्हणजे फॉर्म्युला वन कार रेसिंगवर, बेट लावणं कायदेशीर आहे, ऑफिसात बरेच जण लावतात. मी मोनॅको ग्रां प्रीच्या जुन्या निकालांची एक्सेल शीट केलीय आणि त्यातून एकच सोपा नियम निघाला, शनिवारच्या क्वालिफाइंगमध्ये सगळ्यात वेगवान ठरून जो पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेईल त्याच्यावर रविवारी लावायचं. 2023, 2024, 2025 तिन्ही वर्षं बरोबर लागला. बाकीच्या रेसलाही थोडंफार लावत असतो. आता पुढच्या मोनॅकोला एकदम 2000 पाउंड लावायचा विचार आहे. नाशिकच्या ग्रुपमधले तिघंचौघं म्हणतायत आमचेही पैसे तुझ्याच खात्यातून लाव, आम्ही पाठवतो. बायकोला बेटिंगचं माहितीये, रक्कम माहीत नाही. तुम्ही एफवन बघता म्हणून विचारतो, शीट बरोबर आहे का आणि लावू का?"

अरे, आधी ते नाशिकचं प्रकरण उरकून टाकू कारण त्यात विचार करण्यासारखं काहीच नाहीये, सरळ नाही म्हणून सांग. तुझं बुकीकडचं खातं तुझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि दुसऱ्याचे पैसे त्यातून फिरवायचे नाहीत ही अट तू खातं उघडताना टिक करून मान्य केलेली असणार (वाचली नसशील, कोणीच वाचत नाही). पैसे कुठून आले हे ते कधीही विचारू शकतात, तेव्हा काय सांगणार, मित्रांनी दिले? आणि इकडे भारतात 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा झालाय, त्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नसली तरी खेळ पुरवणारा आणि त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करून देणारा यांच्यासाठी तुरुंगवास आहे आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. मित्रांसाठी मधला माणूस कोण होणार, तर तू. शिवाय लॉटरी, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी भारतातून बाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांतही बंदी आहे. आणि कायदा सोड, हरलात तर दिवाळीला नाशिकला गेल्यावर काय तोंड दाखवणार? विषय संपला.

आता शीट. त्यावर मला बोलायचंय.

आपल्याकडे मटक्याचे जुने चार्ट घेऊन बसणारी माणसं तू पाहिली असशील, गेल्या महिन्यात अमुक वारी अमुक आकडा आला म्हणून आज तमुक येणार. त्यात काही अर्थ नसतो कारण आकड्याला काल काय झालं ते माहीतच नसतं. रेसिंग तसं नाहीये, जुन्या निकालात खरी माहिती असते, मोनॅकोत तर जास्तच. 3.337 किलोमीटरचा ट्रॅक, 78 लॅप, दोन्ही बाजूला बॅरियर, ओव्हरटेक करायला जागा नाही, त्यामुळे पुढे उभा असलेला पुढेच राहतो ही गोष्ट खरीच आहे. 2018 ला रिकार्डोच्या गाडीची इलेक्ट्रिक मोटर रेसच्या मध्येच गेली, ताकद एकदम कमी झाली, शेवटचे गिअर वापरता येत नव्हते, मागे फेटल चिकटलेला, तरी रिकार्डो जिंकला. दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकवर चार लॅपमध्ये खाल्ला असता त्याला. म्हणजे तुझ्या नियमाला आधार आहे, तू हवेत बोलत नाहीयेस.

पण तू शीट कुठून मोजायला सुरुवात केलीस ते बघ. 2023 पासून. तू 2015 ला सुरू केलं असतंस तर काय झालं असतं?

2015: पोल हॅमिल्टनची, आरामात पुढे होता, शेवटाकडे वर्स्टापेनने ग्रोजाँला मागून धडक दिली, सेफ्टी कार आली (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला पुढे येते ती गाडी), मर्सिडीजने हॅमिल्टनला उगाच टायर बदलायला आत बोलावलं आणि बाहेर आला तो तिसरा. रोझबर्ग जिंकला. 2016: पोल रिकार्डोची, पुढे होता, टायर बदलायला आत आला तर टायरच तयार नव्हते, माणसं गॅरेजमध्ये टायर शोधतायत आणि हा गाडीत बसून बघतोय, तो सीन मला अजून आठवतो. हॅमिल्टन जिंकला. 2017: पोल रायकोनेनची, त्याला आधी आत बोलावलं, टीममेट फेटल बाहेर राहून जोरात पळाला आणि थांबून पुढे निघाला. सलग तीन वर्षं तुझा नियम आडवा. तिसऱ्या वर्षी तू शीट डिलीट केली असतीस आणि आज मला पत्रही आलं नसतं.

2013 ते 2025 पूर्ण धर. 2020 ला मोनॅको झालीच नाही, म्हणजे 12 रेस. पोलवाला जिंकला 2013, 2014, 2018, 2019, 2023, 2024, 2025. सात. हरला पाच वेळा, वरची तीन आणि 2021, 2022. ही शेवटची दोन बिचाऱ्या लेक्लेरची, आणि तो तर मोनॅकोचाच पोरगा. 2021 ला क्वालिफाइंगमध्ये पोल घेतली आणि त्याच सेशनमध्ये स्वतःच गाडी ठोकली, रविवारी ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या रांगेकडे, जाताना ड्राइव्हशाफ्टच्या तिथे काहीतरी तुटलं, रेसच सुरू केली नाही. 2022 ला पाऊस, कधी कुठला टायर घ्यायचा यात फेरारीने घोळ घातला, पोलवरून थेट चौथा, पेरेझ जिंकला.

पाचही वेळा कारण वेगळं आहे. सेफ्टी कार, टायर तयार नसणं, टीममेट, मेकॅनिकल, पाऊस. यातलं एकही तुझ्या शीटमध्ये शनिवारी रात्री दिसत नाही.

आणि तुझ्या तीन विजयांकडे पण जरा जवळून बघ. 2024 ला पहिल्याच लॅपला पेरेझ आणि दोन्ही हास गाड्यांचा चुराडा, रेड फ्लॅग, रेस थांबलेली असताना सगळ्यांनी फुकटात टायर बदलून घेतले, मग कोणाला थांबायची गरजच उरली नाही, आणि पहिले दहा जण ज्या क्रमाने सुरू झाले त्याच क्रमाने संपले, एफवनच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं. ती रेस नव्हती, मिरवणूक होती. 2025 ला ते टाळायला म्हणून दोनदा थांबणं सक्तीचं केलं, नॉरिस पोलवरून जिंकला हे खरं, पण वर्स्टापेन दुसरा स्टॉप न घेता पुढे राहिला होता अगदी शेवटून दुसऱ्या लॅपपर्यंत, एका रेड फ्लॅगची वाट बघत. तो लागला असता तर टायर फुकटात बदलून मिळाले असते आणि तुझी बेट गेली असती. तुला ते "लागला" म्हणून दिसतं, मला ते कोणी बॅरियरला घासला नाही म्हणून वाचला असं दिसतं.

बरं, 12 पैकी 7, म्हणजे साधारण 58 टक्के. वाईट नाहीये. पण आता ज्यावर सगळं अवलंबून आहे तो कॉलम तुझ्या शीटमध्ये आहे का? तो म्हणजे भाव. तू निकाल लिहिलेस, त्या त्या शनिवारी रात्री बुकी पोलवाल्यावर काय भाव देत होता ते लिहिलंस का? पत्रात तरी नाहीये.

समजा भाव 1/2 आहे, म्हणजे 100 लावले तर वर 50 मिळणार. दरवर्षी 100 पाउंड लावले. सात वेळा जिंकलास, 350 आले. पाच वेळा हरलास, 500 गेले. बारा वर्षांत दीडशे पाउंडांचा फटका, आणि तेही नियम "बरोबर" असताना, बारातून सात वेळा ऑफिसात कॉलर ताठ करून. हेच भाव 1/1 असेल तर 700 आले 500 गेले, दोनशे फायदा. नियम तोच, ड्रायव्हर तेच, निकाल तेच, फक्त भाव बदलला. म्हणून कोण जिंकेल हा प्रश्न अर्धाच आहे रे, उरलेला अर्धा म्हणजे बुकीने त्याची शक्यता खरीपेक्षा कमी धरलीय का, आणि मोनॅकोत पोलचं महत्त्व ही गोष्ट जगात सगळ्यांना माहितीये, बुकीला तुझ्याआधी. त्याच्याकडे तुझी शीट आहे, शिवाय प्रत्येक सेक्टरची टायमिंग आहे, हवामान आहे, आणि बाकीचे लोक कोणावर पैसे टाकतायत तेही आहे. शनिवारी क्वालिफाइंग संपल्या संपल्या भाव खाली येतो, तू चहा करून येईपर्यंत तुझी माहिती भावात शिरलेली असते.

आणि त्यावर त्याचा स्वतःचा कट. एकदा हा उद्योग करून बघ, कुठल्याही रेसच्या विजेत्याचे सगळे भाव समोर घे आणि टक्क्यात मांड. 6/4 म्हणजे चार लावले तर सहा मिळतात, शक्यता 40 टक्के. 5/2 म्हणजे साडेअठ्ठावीस. 4/1 म्हणजे 20. 8/1 म्हणजे 11. 14/1 म्हणजे पावणेसात. दोघं 33/1 ला, मिळून सहाच्या आसपास. उरलेल्या सगळ्यांचे मिळून धर पाच. बेरीज कर, 117 येते. जिंकणार तर एकच, शक्यता 100 च्या वर जाऊच शकत नाही, मग हे वरचे 17 कोणाचे? दुकानाचे. हे आकडे मी समजावायला घेतलेत, खरे भाव प्रत्येक रेसला वेगळे असतात, पण बेरीज 100 च्या वर येणार हे नक्की. म्हणजे तुला नुसतं बुकीपेक्षा थोडं हुशार असून चालत नाही, हा कट भरून काढण्याइतकं हुशार असावं लागतं.

आता निकालाच्या कागदाबद्दल, डेटा कसा फसवतो ते तुला लगेच कळेल.

नारायण कार्तिकेयन, 2005, इंडियानापोलिस, चौथा नंबर. एफवनमध्ये पॉइंट मिळवणारा पहिला भारतीय, आपल्याला अभिमान आहेच. पण त्या दिवशी मिशेलिन टायरवाल्या सगळ्या गाड्या रेसआधीची फॉर्मेशन लॅप संपवून आत निघून गेल्या आणि रेस फक्त सहा गाड्यांची झाली. एक्सेलमध्ये काय दिसतं? 4. आता 1996 ची मोनॅको घे, पाऊस, पोलवाला शूमाकर पहिल्याच लॅपला भिंतीत, आणि जिंकला कोण तर 14 व्या नंबरवरून निघालेला ओलिव्हिए पानिस, लिजिए गाडीत. शेवटचा झेंडा बघायला फक्त तीन गाड्या चालत होत्या, पण निकालात सात नावं आहेत, पाचवा आणि सहावा तर धडकून बंद पडलेले, अंतराचा 90 टक्के भाग पूर्ण केला की नाव लागतं म्हणून. तू "पहिल्या सहात येईल" वर बेट लावणार असशील आणि कॉलममध्ये नुसता 5 बघत असशील तर तो 5 धडकून बंद पडला होता हे तुला कोण सांगणार?

याहून भारी 2024 ची स्पाची, म्हणजे बेल्जियमची, रेस. रसेल पहिला आला, पोडियमवर ट्रॉफी घेतली, नंतर वजन केलं तर गाडी दीड किलो हलकी, डिस्क्वालिफाय. आज निकालात विजेता हॅमिल्टन आहे. पण बऱ्याच बुकींचा नियम असा की पोडियमवर जे झालं त्यावर पैसे द्यायचे, नंतरचे बदल धरायचे नाहीत. म्हणजे त्या दिवशी पैसे मिळाले रसेलवाल्यांना आणि तुझी शीट म्हणतेय हॅमिल्टन. तू ज्या निकालावर अभ्यास करतोयस आणि ज्या निकालावर पैसे मिळतात ते दोन वेगळे कागद आहेत. तुझ्या बुकीचा नियम काय आहे ते आजच वाच, आणि पोलवाला 2021 सारखा ग्रिडवर आलाच नाही तर पैसे परत मिळतात का तेही बघ, कारण हे जागोजागी वेगळं असतं.

पुढची गोष्ट तर तुझ्या दाराशी आहे. मिल्टन कीन्स म्हणजे रेड बुलचं गाव. 2013 च्या शेवटच्या नऊच्या नऊ रेस फेटलने जिंकल्या होत्या. त्या हिवाळ्यात कोणी जुन्या निकालांची शीट केली असती तर त्यात एकच नाव भरलं असतं. 2014 ला इंजिनचे नियम बदलले आणि फेटलने अख्ख्या सीझनमध्ये एक रेस जिंकली नाही, 19 पैकी 16 मर्सिडीजच्या. तिथून जवळच ब्रॅकली, तिथली होंडा टीम 2008 ला टीमच्या तक्त्यात नववी, होंडा सोडून गेली, टीम एका पाउंडला विकली गेली, आणि 2009 ला नियम बदलल्यावर तीच टीम ब्रॉन नावाने दोन्ही टायटल घेऊन गेली, बटनने पहिल्या सातपैकी सहा जिंकल्या. नियम बदलतो तेव्हा जुना निकाल हा दुसऱ्याच खेळाचा निकाल होतो.

आणि 2026 पासून तेच झालंय. गाडी 30 किलो हलकी, रुंदी 200 वरून 190 सेंटिमीटर, साधारण निम्मी ताकद विजेची, ओव्हरटेकला मदत करणारं डीआरएस गेलं, ऑडी आली, कॅडिलॅक आली. मोनॅकोच्या गल्लीत दहा सेंटिमीटरने काय फरक पडतो ते बघायला मला मजा येईल, पण त्यावर तुझी 2023 ते 2025 ची शीट काय सांगणार? त्या गाड्याच आता म्युझियममध्ये.

मग जुने निकाल फेकून द्यायचे का, तर नाही. मी काय बघतो सांगतो. ट्रॅकचा स्वभाव जुना निकाल सांगतो, म्हणजे पोलचं महत्त्व किती, सेफ्टी कार येण्याची सवय किती, हे ड्रायव्हर बदलला तरी टिकतं. ड्रायव्हरचं बघायचं तर टीममेटशी तुलना कर, तीच गाडी, तोच दिवस, शनिवारी कोण किती पुढे, कारण नुसता नंबर बघितला तर तू गाडी मोजत असतोस. आणि ताज्या चार-पाच रेस जुन्या चार-पाच वर्षांपेक्षा जास्त बोलतात. हॅमिल्टनचे सिल्व्हरस्टोनला, म्हणजे ब्रिटिश ग्रां प्रीच्या ट्रॅकवर, नऊ विजय आहेत, रेकॉर्ड आहे, पण ते मॅक्लारेन आणि मर्सिडीजमध्ये. 2025 ला तो फेरारीत होता आणि चौथा आला. तिसरा कोण आला माहितीये? हुल्केनबर्ग. 239 वी रेस, त्याआधी एकदाही पोडियम नाही, निघाला 19 व्या नंबरवरून, सॉबर गाडीत, पावसात. जुन्या निकालांच्या हिशोबाने त्याची शक्यता शून्य होती आणि तुझ्या घरापासून अर्ध्यापाऊण तासावर तो शॅम्पेन उडवत होता.

असो, आता 2000 पाउंडांवर येऊ, म्हणजे दोन लाख रुपयांहून जास्त. पत्रातलं एक वाक्य तू घाईत टाकून पुढे गेलास, "बाकीच्या रेसलाही थोडंफार लावत असतो". 2023 ला 22 रेस झाल्या, 2024 ला 24, 2025 ला 24. एकूण 70. त्यातल्या तीनच तू मला सांगितल्यास. उरलेल्या 67 चं काय? हा प्रश्न टोमणा म्हणून नाही विचारत, खरंच विचारतोय. बुकीच्या साइटवर अकाउंट हिस्टरी असते, ती काढ, किती टाकले, किती काढले, दोनच आकडे. जुनं दिसत नसेल तर कस्टमर सर्व्हिसकडे माग. मला वाटतं ती बेरीज मोनॅकोच्या शीटपेक्षा जास्त खरं बोलेल. आणि जर तो आकडा बघून तुझ्या मनात "2000 लावून एकदम भरून काढू" असं येत असेल, किंवा आधीच आलं असेल आणि म्हणूनच 2000 चा आकडा निघाला असेल, तर लावू नकोस. मग हा एफवनचा प्रश्नच राहत नाही. यूकेत जुगाराच्या सवयीसाठी मदत करणारी गॅमकेअर आहे, फुकट बोलता येतं, आणि गॅमस्टॉपवर नाव टाकलं की तिथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन बुकींकडून एकाच वेळी बाहेर, कमीत कमी सहा महिने.

बेरीज ठीकठाक निघाली, म्हणजे हरलास पण वर्षाला सिल्व्हरस्टोनच्या एका तिकिटाएवढं, तर लाव बाबा, मी काय साधू नाहीये. पण रक्कम अशी ठेव जी बायकोसमोर जेवताना सांगता येईल. आणि तिला ती आधी सांग, रेसनंतर नाही, कारण जिंकल्यावर सांगितलं तर तो आनंद होतो आणि हरल्यावर सांगितलं तर कबुली होते, दोन्हीत तिला विचारलेलं नसतं. घरभाडं दोघं मिळून भरत असाल तर 2000 पाउंड तुझे एकट्याचे नाहीत, एवढं तर तुलाही कळतंय म्हणूनच तू ते वाक्य पत्रात घातलंस.

शीट वाया घालवू नको. पुढचा अख्खा सीझन पैसे न लावता चालव, शनिवारी रात्री तुझ्या मते कोणाची शक्यता किती टक्के ते लिही, शेजारी त्या क्षणाचा भाव लिही, रविवारी निकाल. लिहायचं रेसच्या आधी, नंतर सुधारायचं नाही. सीझन संपल्यावर कट धरून सुद्धा तू पुढे असशील तर मला परत लिही, मला खरंच वाचायला आवडेल, आणि तेव्हा पुढचा त्रास असा की सतत जिंकणाऱ्या खात्याची मर्यादा काही बुकी खाली आणतात, 2000 लावू म्हटलं तर वीसच घेतात.

आणि आज रात्री एक काम कर, खात्यात डिपॉझिट लिमिट सेट कर, महिन्याचं. कमी केलंस तर लगेच लागू होतं, वाढवायचं म्हटलं की किमान 24 तास थांबवतात. मोनॅकोची क्वालिफाइंग शनिवारी दुपारी असते आणि रेस रविवारी दुपारी, मधे साधारण तेवढेच तास. लिमिट त्याआधी लाव.